पंपाचं सील तोडण्याआधी

राबभाजणी उरकून रोपं टाकण्याची आणि मृगाची वाट बघण्याची ही वेळ. सुरगाणा, बोरगाव, उंबरठाण, बाऱ्हे या बाजाराच्या गावी सध्या फिटरच्या दुकानापुढे ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर ओळीने उभे दिसतात. पावसाळ्याआधी यंत्र तपासून घेतलेलं बरंच. पण अलीकडे तपासणीबरोबर आणखी एक मागणी हमखास असते, "मिस्त्री, जरा पंप वाढवून द्या." म्हणजे इंजिनाच्या फ्युएल पंपाचं सील तोडायचं, आतला स्क्रू फिरवायचा आणि डिझेल जास्त सोडायचं. काम अर्ध्या तासाचं, मजुरी किरकोळ. ट्रॅक्टर मात्र पुष्कळदा गेल्या वर्षी-दोन वर्षांत घेतलेला, बँकेचा बोजा अजून फिटलेला नाही आणि कंपनीची वॉरंटी, म्हणजे आपण जिला गॅरंटी म्हणतो ती, अजून चालू आहे. अशा यंत्राला हात लावू देऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. का, ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण नुसतं "नको" म्हटलेलं कोणी ऐकत नाही आणि ऐकूही नये.

आधी हे मान्य करू की मागणी करणारा शेतकरी हौशी नाही. आपल्याकडची खाचरं लहान, उताराची आणि पाऊस कोसळणारा. भाताचं रोप एकवीस ते पंचवीस दिवसांचं झालं की आवणी व्हायला पाहिजे, पुढे ढकलली की फुटवे कमी येतात. त्या थोड्या दिवसांत साऱ्या शिवाराला एकदमच चिखलणी हवी असते. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे तो स्वतःचं उरकून तासावर भाड्याने जातो, त्यावरच हप्ता निघतो. तासाला जितकी खाचरं जास्त तितका नावलौकिक. मग शेजारच्या गावचा ट्रॅक्टर आपल्यापेक्षा पुढे पळतो म्हटल्यावर मन चाळवतंच.

दुसरं म्हणजे, इंजिनाला आपण हात लावायचा नसतो ही गोष्ट शेतकऱ्याला कधी कोणी सांगितलीच नव्हती. नदीकाठी, ओहोळावर जी जुनी ऑइल इंजिनं होती ती मालकाच्या हाताखालची. पाच हॉर्सपॉवरचं, मिनिटाला पंधराशे फेऱ्यांचं एक सिलिंडरचं इंजिन. गव्हर्नरची स्प्रिंग तारेने आवळली की पट्टा जोरात फिरायचा, पाणी जास्त यायचं आणि माणूस खूश. त्यातला हिशेब मात्र फार थोड्यांनी केला. पाणी उपसणाऱ्या पंपाच्या फेऱ्या दहा टक्क्यांनी वाढवल्या तर पाणी साधारण दहा टक्केच वाढतं, पण इंजिनावरचा भार वाढतो तेहतीस टक्के. वाफ्यात आलेलं पाणी दिसायचं, बेअरिंग आणि रिंगांची झीज दिसायची नाही. तरी ते इंजिन जाड बिडाचं, सुटे भाग स्वस्त, मिस्त्री गावातला. ते खपून गेलं. तीच सवय आता आठ-नऊ लाखांच्या ट्रॅक्टरला लावली जात आहे.

पंप वाढवला म्हणजे आत काय होतं? एक किलो डिझेल पुरतं जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते, आणि डिझेल इंजिनाला त्याहूनही जास्त हवा असली तरच ते स्वच्छ जळतं. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनात सिलिंडर जेवढा तेवढीच हवा आत जाणार. स्क्रू फिरवल्याने डिझेल वाढतं, हवा वाढत नाही. सुरुवातीला थोडा जोर खरंच वाढतो, खोटं कशाला बोलावं. कारखान्याने थोडी जागा राखून ठेवलेली असते, ती आपण खाऊन टाकतो. त्यापुढचं डिझेल काळ्या धुराच्या रूपाने सायलेन्सरमधून बाहेर पडतं. पैसे आपले आणि धूर गावाचा. जोराबरोबर उष्णता वाढते. पिस्टनचं डोकं, व्हॉल्व्ह, हेड गॅस्केट यांना ती सोसावी लागते. चिखलणीत गाडी सावकाश चालते, रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि पेंढा अडकलेला, पंख्याला वारा मिळत नाही. वर्षातलं सगळ्यात जड काम आणि सगळ्यात कमी गारवा हे एकाच पंधरवड्यात येतात, आणि नेमका त्याच पंधरवड्यासाठी आपण पंप वाढवून घेतो!

बरं, इंजिन एकटं नाही. त्याच्या मागे क्लच आहे, गिअरबॉक्स आहे, पीटीओचा शाफ्ट आहे. हे सगळे भाग ठरलेल्या जोरासाठी बनवलेले असतात. पंप वाढवलेल्या ट्रॅक्टरची पहिली तक्रार पुष्कळदा इंजिनाची नसतेच, क्लचप्लेट लवकर गेल्याची असते. काही फिटर डिझेलसोबत गव्हर्नरही चढवून देतात. तसं केलं की पीटीओ ५४० फेऱ्यांवर राहत नाही, रोटाव्हेटर नेमून दिलेल्या वेगाच्या वर फिरतो आणि त्याची पाती, चेन, बेअरिंग यांचा खर्च सुरू होतो. पॉवर टिलरचंही तेच. तेरा हॉर्सपॉवरचं इंजिन चोवीसशे फेऱ्यांना बसवलेलं असताना ते अठ्ठावीसशेला पळवलं की हातात येणारा हादराच सांगतो काय चाललंय ते. एक सोडून दोन पायऱ्या पुढे जाणारे जुना टर्बो आणून बसवतात. टर्बोला स्वतंत्र ऑइलचा पुरवठा लागतो, पिस्टन आणि कूलिंगही त्या मानाने लागतं. कारखान्यातून टर्बो लावून आलेला ट्रॅक्टर वेगळा आणि गॅरेजात लावलेला वेगळा.

ही हौस मोबाइलवरच्या व्हिडिओंतून आली आहे. पंजाब-हरियाणातल्या टोचनच्या स्पर्धा आपल्या पाड्यापर्यंत पोचल्या आहेत. दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ बांधून ओढायचे, पुढची चाकं हवेत आणि काळ्या धुराचा खांब. त्या ट्रॅक्टरला दोन मिनिटं ओढायचं असतं, नंतर इंजिन उतरवून ठेवायची मालकाची तयारी असते. आपल्याला आठ तास चिखलात चालायचं आहे आणि उद्या परत चालायचं आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात गुरदासपूर जिल्ह्यात ट्रॅक्टरवर कसरत दाखवताना एका तरुणाचा जीव गेला, तेव्हा पंजाब सरकारने अशा कसरतींवर बंदी घातली. व्हिडिओत हे येत नाही.

आता कागदाकडे वळू. ट्रॅक्टर घेताना एक पुस्तिका मिळते. ती पूजेच्या नारळाबरोबर पेटीत जाते आणि तिथेच राहते. आज काही कंपन्या पाच-सहा वर्षांची वॉरंटी सांगतात, पण तिच्यासोबत तासांचीही मर्यादा असते. वर्षं किंवा तास, जे आधी संपेल ते. भाड्याने चालणाऱ्या ट्रॅक्टरचे तास झपाट्याने भरतात, म्हणून मीटर बंद ठेवू नका. मीटर बंद असला की तासांवरून वाद घालायला कंपनीला आयतंच निमित्त मिळतं. टायर, बॅटरी आणि पुष्कळदा फ्युएल पंप यांची हमी ट्रॅक्टर कंपनीची नसते, ती त्या त्या भागाच्या कारखानदाराची असते. दाद कुठे मागायची ते पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पहिली सर्व्हिस साधारण पन्नास तासांना, पुढच्या ठरल्याप्रमाणे, आणि प्रत्येक वेळी पुस्तिकेत शिक्का. आणि बहुतेक पुस्तिकांत एक ओळ असते की पंपाचं सील तोडलेलं आढळल्यास, किंवा कंपनीच्या परवानगीविना इंजिनात फेरफार केल्यास हमी संपली. ही ओळ बारीक अक्षरात असते, आणि सहसा इंग्रजीत. वाचून घ्या. गावातल्या शिकल्या-सवरलेल्या पोराकडून, नाहीतर आमच्या कृषी सहायकाकडून.

मोठ्या ट्रॅक्टरचं चित्र आणखी वेगळं झालं आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० हॉर्सपॉवरच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना धुराचे नवे नियम लागले. त्यामुळे त्यांतल्या बहुतेकांत डिझेलचा पुरवठा संगणकावर चालतो. तिथे स्क्रू नाही. मग लॅपटॉप घेऊन येणारे निघाले, आणि सेन्सरच्या वायरीत अडकवायचे छोटे डबेही निघाले. विकणारा सांगतो, "सर्व्हिसला नेताना डबा काढून ठेवा, कळणार नाही." या भरवशावर राहू नका. इंजिन किती दाबाने, किती तापमानाला चाललं याच्या काही नोंदी त्या संगणकात राहतात, आणि आतला प्रोग्रॅम बदललेला असला तर कंपनीच्या माणसाला तो ओळखता येऊ शकतो. लपवून दावा करणं हा मार्ग तर नव्हेच.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, "साहेब, हे सगळं खरं, पण गाडी लोड घेत नाही त्याचं काय?" हाच खरा प्रश्न आहे. आमच्या फिरतीत ज्या ज्या ट्रॅक्टरला दम नाही म्हणून तक्रार ऐकली, त्यांतल्या बहुतेकांचं कारण पंपात नव्हतं. धुराकडे बघा, तो पहिला साक्षीदार. भार दिल्यावर काळा धूर येत असेल तर डिझेल मुबलक आहे आणि हवा कमी पडते आहे. तिथे आणखी डिझेल सोडणं म्हणजे चुलीत ओली लाकडं कोंबणं. एअर क्लीनर उघडा. ऑइलचा असेल तर वाटीत ऑइलऐवजी गाळ सापडेल, कागदी असेल तर मातीने लिंपलेला. उन्हाळ्यात माती वाहिलेल्या ट्रॅक्टरचा क्लीनर जूनमध्ये न उघडता चिखलात उतरवणारे कितीतरी आहेत. उलट काळा धूर अजिबात नाही आणि इंजिन दबतंय, तर डिझेल पोचत नाही. फिल्टर तुंबले असतील, फीड पंप कमजोर असेल, लाइनमध्ये हवा असेल. आपल्याकडे पंप लांब म्हणून डिझेल कॅनमध्ये, पिंपात भरून ठेवतात. त्या पिंपात रात्रीच्या गारव्याने पाणी धरतं. तळाचं डिझेल टाकीत ओतू नका, आणि फिल्टरखालचा बोल्ट सोडून पाणी काढत जा. पांढरा धूर असेल तर नॉझल, टायमिंग किंवा पाणी. निळा असेल तर ऑइल जळतंय, मग रिंगा.

आणि एक अगदी साधी गोष्ट, जी सांगताना आम्हालाच हसू येतं. ॲक्सिलरेटरचा दांडा पंपावरच्या टोकापर्यंत पोचतच नाही, मध्येच अडतो. पायाखाली चिखलाचा गोळा नाहीतर दुमडलेलं गोणपाट असतं. लीव्हर हाताने शेवटपर्यंत ढकलून बघा.

पुढे चाकं. इंजिन ओरडतंय आणि गाडी जागीच आहे, तर जोर कमी नाही, पकड कमी आहे. किंवा क्लच घसरतो आहे. चिखलात घसरणाऱ्या चाकाला जास्त जोर दिला तर ते जास्त घसरेल, एवढंच. केजव्हील लावा, एक गिअर खाली उतरा. उन्हाळ्यात कोरड्या नांगरटीला टायरमध्ये पाणी भरून वजन वाढवता येतं, चिखलात मात्र वजन जपून. रोटाव्हेटर ट्रॅक्टरला पेलणारा आहे का तेही पाहा. विक्रेत्याने सहा फुटी दिला, शेजाऱ्याकडे सहा फुटी आहे, म्हणून आपल्याही तीस-पस्तीसच्या ट्रॅक्टरला सहा फुटी! लहान रोटाव्हेटर दोन फेऱ्यांत जे करील ते मोठा एका फेरीत करतो हे खरं, पण ओढणारा तसा पाहिजे.

म्हणून ज्यांना अजून ट्रॅक्टर घ्यायचा आहे त्यांनी निवड तिथेच करावी, फिटरकडे नव्हे. जाहिरातीतला हॉर्सपॉवरचा आकडा इंजिनाचा असतो, अवजाराला मिळतो तो पीटीओचा, आणि तो कमी असतो. मध्य प्रदेशात बुदनी इथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. तिथल्या चाचणी अहवालात पीटीओवर किती जोर मिळाला, तासाला किती डिझेल लागलं, उष्ण हवेत काय झालं हे सारं लिहिलेलं असतं. विक्रेत्याकडे तो अहवाल मागा. विक्रेता टाळाटाळ करील, पण मागितला पाहिजे. पाच हॉर्सपॉवर जास्तीचा ट्रॅक्टर हमीसकट घेणं हे लहान ट्रॅक्टरला पाच हॉर्सपॉवर जबरदस्तीने चढवण्यापेक्षा स्वस्त पडतं.

आतापर्यंत शेतकऱ्याला सांगितलं. विक्रेत्यांनाही दोन शब्द. आपल्या तालुक्यातून कंपनीचं सर्व्हिस सेंटर गाठायचं म्हणजे वणी, कळवण नाहीतर थेट नाशिक. आवणीच्या दिवसांत ट्रॅक्टर बंद पडला, फोन केला, आणि मेकॅनिक पाच दिवसांनी आला तर तोवर रोप म्हातारं होतं. शेतकरी गावच्या फिटरकडे जातो तो मौजेने नाही. मग तोच विक्रेता बिघाड झाल्यावर "बाहेरच्या माणसाने हात लावला" म्हणून हात झटकतो, मग तो बिघाड हायड्रॉलिकचा का असेना! पंपाचं सील तुटलं म्हणून पंपाची, इंजिनाची हमी नाकारली तर समजू शकतं. पण लिफ्टची सील गळते, त्याचा डिझेलच्या स्क्रूशी काय संबंध? अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याप्रमाणे ग्राहकाने बाहेरचा भाग वापरला एवढ्यावरून कंपनीला हमी नाकारता येत नाही, त्या भागामुळेच बिघाड झाला हे दाखवावं लागतं. तिकडच्या शेतकऱ्यांनी स्वतःचा ट्रॅक्टर स्वतः दुरुस्त करण्याच्या हक्कासाठी मोठी लढाई दिली, आणि जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या शेतकरी संघटनेचा जॉन डीअर कंपनीशी करार झाला. त्या करारातही दुरुस्तीची मुभा आहे, इंजिनाचा जोर वाढवण्याची नाही. हा फरक आपणही ध्यानात ठेवावा. आपल्या केंद्र सरकारनेही २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचं संकेतस्थळ सुरू केलं, त्यात शेती अवजारांचा समावेश आहे.

हमी नाकारली तर तोंडी उत्तर घेऊन परत फिरू नका. जॉबकार्डवर तारीख, मीटरचे तास आणि नाकारण्याचं कारण लिहून मागा. सर्व्हिसची बिलं, पुस्तिका, पंपावरच्या सीलचा मोबाइलवर काढलेला फोटो, सगळं एका पिशवीत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवा. त्याने नाही भागलं तर नाशिकचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, त्यावर दहा लाखांपर्यंत दोनशे रुपये. शेतकरी हा ग्राहक आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बियाण्याच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे. मात्र तीन-चार ट्रॅक्टर, पगारी ड्रायव्हर आणि भाड्याचाच धंदा असेल तर समोरचा वकील "हा व्यापारी वापर" म्हणून अडवू शकतो. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवणाऱ्याला कायद्यात जागा आहे.

हमी संपली असेल तर? मग यंत्र आपलं आणि निर्णयही आपला. तरी अंदाजाने स्क्रू फिरवणाऱ्याकडे जाऊ नका. जुन्या ट्रॅक्टरचा पंप वापराने झिजलेला असतो, चारही सिलिंडरना सारखं डिझेल देत नाही. तो उतरवून चाचणी बाकावर लावून कंपनीच्या मापाला आणून घेतला, नॉझलचा दाब तपासला, टॅपेट बसवले, की गेलेला जोर पुष्कळसा परत येतो. आपल्याच नाशकात, सातपूरला, पूर्वीच्या मायकोच्या म्हणजे आताच्या बॉशच्या कारखान्यात डिझेल इंजिनाचे नॉझल तयार होतात, आणि शहरात पंपाची कामं करणारी जाणती माणसं आहेत. खर्च गावच्या फिटरपेक्षा जास्त. पण किती फेऱ्यांना किती डिझेल बसवलं याची चिठ्ठी मागून घ्या आणि नवीन सील मारून घ्या. चिठ्ठी देत नसेल तर त्याने मोजलेलं नाही असं समजा.

पिकअपवाल्यांचाही विषय यात येतोच. स्ट्रॉबेरी, भाजीपाला घेऊन सापुताऱ्याच्या घाटातून सुरतेकडे किंवा वणीमार्गे नाशिककडे जाणाऱ्यांत हल्ली "मॅपिंग" करून घेण्याची टूम आहे. एप्रिल २०२० नंतरच्या गाड्या बीएस-सहाच्या आहेत. त्यांची धुराची जाळी, सेन्सर जास्तीच्या डिझेलने लवकर तुंबतात, आणि त्यांची किंमत ऐकून घेरी येते. शिवाय रस्त्यावरच्या गाडीत परवानगीविना फेरफार केला तर मोटार वाहन कायद्यात प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे. अपघात झाल्यावर विमा कंपनी हेच उकरून काढते. घाटात गाडी दबते ती बहुधा पासिंगपेक्षा जास्त क्रेट भरल्यामुळे. दहा क्रेट कमी भरा आणि पुन्हा घाट चढून बघा.

मृग ७ जूनच्या सुमारास लागतो. त्याआधी ट्रॅक्टर आणि टिलर विकणाऱ्या कंपन्यांनी सुरगाणा आणि बोरगावला एकेक दिवस आपला मेकॅनिक पाठवावा, फिल्टर आणि क्लीनर तिथेच बदलून द्यावेत, आणि हमीच्या अटी मराठीत छापलेला एक कागद प्रत्येक मालकाच्या हाती द्यावा. जागा, मांडव आणि शेतकरी जमवण्याचं काम तालुका कृषी कार्यालय करील.